शिडाच्या जहाजावर जायचंय? इंदूरहून निघणाऱ्यांसाठी

माझा भाचा सतरा वर्षांचा असताना युरोपातल्या एका शिडाच्या जहाजावर तीन आठवडे जाऊन आला. बंदराला लागल्यावर त्याचा पहिला फोन आला तेव्हा इंदूरला रात्रीचे अकरा वाजले होते. जेवला का, आजारी पडला का, एवढंच ऐकायला ताई फोनजवळ बसून होती. तो मला म्हणाला, “मावशी, काल रात्री बारा ते चार मी जागा होतो आणि बाकी सगळे झोपले होते.” हा मुलगा घरी तीन हाका मारल्याशिवाय अंथरूण सोडत नसे.

अशा प्रवासाहून मुलं बदलून येतात असं सगळे सांगतात. कशाने बदलतात, ते फारसं कुणी सांगत नाही. कॉलेजात असताना नौदल एनसीसीच्या मोहिमेत मी मांडवीच्या पाण्यात दहा दिवस व्हेलर नावाची होडी चालवली. नंतर भाच्याची आणि ओळखीतल्या काही मुलामुलींची तयारी करून घेतली. त्यावरून माझं मत पक्कं झालंय की बदल घडतो तो त्या चार तासांच्या जागरणात. शिडं, डोलकाठ्या, फोटो हे सगळं त्याच्या आजूबाजूला असतं. म्हणून पुढे जे लिहिलंय त्याचा रोख एकच आहे. तुमचं मूल त्या चार तासांपर्यंत कोरड्या कपड्यांत, धड पोटाने आणि शुद्ध डोक्याने पोचलं पाहिजे.

हा प्रवास म्हणजे नेमकं काय

शिडाचं मोठं जहाज, त्यावर मोजके अनुभवी खलाशी, आणि उरलेली माणसं म्हणजे शिकाऊ मुलंमुली. प्रवासी कुणीच नसतं. शिडं तीच ओढतात, सुकाणू तीच धरतात, भांडी आणि संडासही तीच घासतात.

आपल्या नौदलाची अशी दोन जहाजं आहेत, ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’. दोन्ही तीन डोलकाठ्यांची, दोन्ही गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली. ‘तरंगिणी’ १९९७ मध्ये नौदलात आली, ‘सुदर्शिनी’ २०१२ मध्ये. २००३-०४ मध्ये ‘तरंगिणी’ने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दोघींचं घर कोची. इतकी आधुनिक जहाजं असताना नौदल अजून शिडांवर का शिकवतं, असं पालक विचारतात. वारा कुठून येतोय, पाणी काय करतंय, शेजारचा कधी थकलाय, हे पडद्यावर बघून अंगात मुरत नाही. त्यासाठी दोर हातात धरावा लागतो. ही जहाजं मुख्यतः नौदलाच्या शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी आहेत. तिकीट काढून त्यावर जाता येत नाही.

युरोपात मात्र हे सगळ्यांसाठी खुलं आहे. १९५६ मध्ये इंग्लंडच्या टॉरबेपासून लिस्बनपर्यंत जुन्या शिडाच्या जहाजांची शर्यत झाली आणि तिथून टॉल शिप्स रेसची परंपरा सुरू झाली. या शर्यतीत भाग घेणाऱ्या जहाजावरची निम्मी माणसं तरी १५ ते २५ वयाची असावीच लागतात. आधीचा अनुभव लागत नाही. नॉर्वेचं ‘स्टाट्सराड लेमकुल’, जर्मनीचं हिरव्या अंगाचं ‘अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट दुसरं’ अशी जहाजं परदेशी तरुणांनाही घेतात.

आता तुम्ही म्हणाल, आपण माळव्यातली माणसं, समुद्राशी आपला संबंध काय? देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शीड धरायला शिकली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये तिने रौप्यपदक मिळवलं. त्याआधी २०१८ मध्ये जकार्त्याला भोपाळमध्येच तयार झालेल्या हर्षिता तोमरने कांस्य मिळवलं होतं. दोघी मध्य प्रदेशच्या मुली, समुद्र नसलेल्या प्रांतातल्या. आमच्या घरी हा प्रश्न त्यानंतर कुणी काढला नाही.

पहिली पायरी: पोहणं, तेही कपड्यांसकट

जहाजाच्या चौकशीला लागण्याआधी हे करा. सहा महिने हातात ठेवा. नेहरू पार्कच्या तलावावर किंवा घराजवळ जिथे प्रशिक्षक असेल तिथे नाव घाला. शर्यतीचं पोहणं शिकायची गरज नाही. तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: न थांबता पन्नास मीटर जाणं, उभ्या उभ्या पाय मारत दहा मिनिटं तरंगणं, आणि अचानक पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात ठेवणं.

शेवटच्या महिन्यात प्रशिक्षकांची परवानगी घेऊन टी-शर्ट आणि फुलपँट घालून पाण्यात उतरा. भिजलेली जीन्स पायांना कशी ओढते ते एकदा कळलं की जहाजावर जीन्स न्यायची का, हा वाद मिटतो. लाईफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारायचीही सवय करा. खालचा पट्टा मांड्यांमधून घेऊन बांधला नसेल तर जॅकेट वर सरकून हनुवटीशी येतं आणि माणूस आत लटकत राहतो. हे इंदूरच्या तलावात कळलेलं बरं.

दुसरी पायरी: भोपाळ

इंदूरहून भोपाळ एकशे नव्वद किलोमीटर. सकाळच्या गाडीने गेलं तर दुपारी बडा तालाबवर होडीत बसता येतं. राजा भोजाच्या नावाने सांगितलं जाणारं हे पाणी आपल्यासाठी सर्वांत जवळचं शिडाचं पाणी आहे. आपल्या शहरातला सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत, ते पक्ष्यांचे आहेत, त्यांना तसंच राहू द्या. भोपाळला राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे आणि राज्य सरकारच्या क्रीडा खात्याची जलक्रीडा अकादमीही आहे. अकादमीत निवड चाचणीतून प्रवेश मिळतो. निवड झाली नाही तरी सुट्टीत काही दिवस शिकायची सोय कुठे आहे ते तिथे जाऊनच विचारा, फोनवर नीट उत्तर मिळत नाही.

पंधराच्या आतली मुलं ऑप्टिमिस्ट नावाच्या होडीत शिकतात. ती आठ फुटांहून थोडी कमी असते, एक शीड, एक सुकाणू, एक मूल. पहिल्या आठवड्यात शिकायचं असतं ते वाऱ्याचं व्याकरण. वारा जिथून येतो त्या दिशेला होडी सरळ जाऊच शकत नाही. दोन्ही बाजूंचे साधारण पंचेचाळीस अंश तिला बंद असतात. मग तिरपं जायचं, वळायचं, पुन्हा तिरपं जायचं, असं नागमोडी करत वाऱ्यावर चढायचं. कागदावर हे दोन मिनिटांत समजतं, हाताला समजायला चार दिवस लागतात. होडी मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करायचा सराव सगळ्यांना करावा लागतो. तो करून घेत नाहीत अशा ठिकाणी मुलाला ठेवू नका. एका ठिकाणी मी मुलांना जॅकेटचे पट्टे न तपासता पाण्यात सोडलेलं पाहिलं आणि त्याच दुपारी भाच्याला घेऊन परत आले.

घरी करायचा अभ्यास म्हणजे गाठी. दीड-दोन मीटर सुती दोर आणा आणि पलंगाच्या पायाला बोलाइन नावाची गाठ मारायला शिका. दोराचा एक छोटा फास करा, टोक त्या फासातून खालून वर काढा, मुख्य दोराच्या मागून फिरवा आणि त्याच फासात वरून खाली घालून ओढा. ही गाठ कितीही ताण आला तरी सरकत नाही आणि काम झालं की सहज सुटते. डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन जमेपर्यंत करा. जहाजावर ती अंधारात, ओल्या बोटांनी मारायची असते.

तिसरी पायरी: रस्ता ठरवणं

तीन रस्ते आहेत आणि पैशाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला एनसीसीचा, आणि माझ्या मते बहुतेक घरांसाठी हाच बरोबर आहे. शाळा किंवा कॉलेज निवडताना एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे एनसीसीची नौदल शाखा आहे का? भूदल शाखा पुष्कळ ठिकाणी असते, नौदल शाखा मोजक्या ठिकाणी. आठवी-नववीत ज्युनिअर आणि कॉलेजात सीनिअर, अशा दोन वेळा प्रवेशाची संधी असते. इथे वल्हवणं, शीड, गाठी, झेंड्यांची भाषा हे सगळं शिकवतात. व्हेलर ही सत्तावीस फुटी, जड, लाकडी बांध्याच्या जुन्या वळणाची होडी. पाच जण पाच वल्ही मारतात, वारा आला की शीड चढवतात. चांगल्या कॅडेटना शिडाच्या मोहिमेवर आणि नौदलाच्या जहाजांवर काही दिवस पाठवतात, थोड्यांची परदेशी जाणाऱ्या प्रशिक्षण जहाजांसाठीही निवड होते. खर्च जवळपास नाही. मात्र परेड चुकवून चालत नाही. निवडीच्या वेळी हजेरीपत्रकच आधी उघडतात.

दुसरा रस्ता क्लबचा. मुंबईत किंवा गोव्यात मामा, आत्या कुणी असेल तर पावसाळा संपल्यावर मेपर्यंतच्या हंगामात तिथे शिकता येतं. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याचा बेत आखू नका, तेव्हा समुद्र छोट्या होड्यांचा नसतो.

तिसरा परदेशी जहाजाचा. जहाजाच्या शुल्काकडे बघून पालक हिशेब करतात आणि फसतात. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, चढायच्या आधी आणि उतरल्यावर बंदरात काढायचा एकेक दिवस, गरम कपडे, हे सगळं धरूनच आकडा मांडा. बऱ्याच जहाजांमागे न्यास असतो आणि तरुणांसाठी त्यांच्याकडे सवलत असते. मागायला संकोच करू नका. भाच्याने स्वतः दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं होतं, इंदूरहून समुद्र किती लांब आहे आणि तरी त्याला का यायचंय, एवढंच. अर्धं शुल्क माफ झालं. ते पत्र पालकांनी लिहिलेलं असलं तर वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. आणखी एक, त्यांचा हंगाम जून ते ऑगस्ट असतो, म्हणजे आपल्या शाळा उघडायच्या वेळी. मुख्याध्यापकांशी जानेवारीतच बोला.

चौथी पायरी: कागद

अठराच्या आतल्यांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो. लहानपणी काढलेला असेल तर तारीख आजच बघा. युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालतो त्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने निर्णयाला पंधरा दिवस लागतात, पण उन्हाळ्यात मुलाखतीची तारीखच लवकर मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो घेताना शिडाच्या जहाजावरचं काम आणि उंचीवर चढणं त्यात धरलंय का, हे लेखी विचारा. आणि जहाज कुठल्या बंदरांना लागणार ते नकाशावर बघा. मधलं किंवा शेवटचं बंदर ब्रिटनमध्ये असेल तर शेंगेन तिथे चालत नाही, वेगळा व्हिसा लागतो.

आरोग्याच्या अर्जात काही लपवू नका. दमा, फिट, झोपेत चालणं, उंचीची भीती, सगळं लिहा. दमा आहे म्हणून सहसा नाकारत नाहीत. लपवलेला दमा मात्र रात्री दोन वाजता, किनाऱ्यापासून शंभर मैलांवर उघडा पडतो.

पाचवी पायरी: बॅग

चाकांची टणक सुटकेस नेऊ नका, ती ठेवायला जहाजावर जागाच नसते. घडी होणारी कापडी बॅग घ्या. आत प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. मांडवीत तिसऱ्या दिवशी आमच्या होडीत पाणी आलं आणि माझे सगळे कपडे एकदम भिजले, उरलेले सात दिवस मी ओलीच होते. तेव्हापासून पिशव्यांबद्दल मी कुणाचं ऐकत नाही.

लोकरीचे पातळ थर दोन-तीन, वरून वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. सुती कपडा एकदा भिजला की अंगावर गारच राहतो. इंदूरच्या डिसेंबरातली थंडी मुलांना माहीत असते, पण ओल्या वाऱ्यातली बारा अंश ही वेगळीच गोष्ट आहे. रबरी तळव्याचे, डेकवर डाग न पाडणारे बूट. चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी, आणि दुसरा चष्मा. कपाळावर बांधायचा, लाल उजेडाचा दिवा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पांढऱ्या उजेडाने ते एका क्षणात वाया जातात, शेजारी उभ्या असलेल्याचेसुद्धा.

खायचं काय न्यायचं, हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. मूल शाकाहारी असेल तर जहाजाला आधी लेखी कळवा, सोय करतात. पेढे आणि मावाबाटी नेऊ नका. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. इंदुरी लौंग शेवेची दोन पाकिटं मात्र जरूर न्या. भाच्याची पहिली ओळख त्या शेवेवर झाली. रात्रीच्या थंडीत सगळ्यांनी हात पुढे केले, आणि आलेपाकाच्या वड्या तर तिसऱ्या दिवशी औषधासारख्या वाटल्या गेल्या.

पहिले तीन दिवस

पोट ढवळणार. कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना खोलीची भिंत स्थिर दिसते, आणि मेंदू गोंधळतो. यात कमीपणा काही नाही. जुन्या दर्यावर्दींनाही होतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि उलटी सुरू व्हायच्या आधी. सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. त्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून एकदा घरी घेऊन बघा.

उघड्यावर राहा, जहाजाच्या मध्यावर थांबा, क्षितिजाकडे बघा. खाली जाऊन फोनमध्ये डोकं घालणं म्हणजे आजार ओढवून घेणं. घोट घोट पाणी, कोरडी बिस्किटं, केळं, भात. उपाशी राहिलं की जास्त त्रास होतो. उलटी आली तर वारा पाठीवर घेऊन, ज्या बाजूला वारा जातोय तिकडच्या कठड्याशी, हार्नेस म्हणजे अंगावरचा सुरक्षेचा पट्टा अडकवून. आणि शक्य असेल तर सुकाणू मागा. चाक हातात असलं की पुष्कळांचं पोट थाऱ्यावर येतं. साधारण तिसऱ्या दिवशी सकाळी मूल भुकेने जागं होतं.

याच दिवसांत हात सांभाळायचे. दोर कधीही तळव्याला गुंडाळायचा नाही. शिडात वारा भरला की दोर माणसाला ओढून नेतो. सरकणारा दोर घट्ट धरून थांबवायचाही नाही, आधी खुंट्याला एक वेढा द्यायचा, मग धरायचा. माझ्या उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली अजून एक गुळगुळीत पट्टा आहे, तिथल्या रेषा पुसल्या गेल्यात. दोन सेकंदांचं काम होतं ते.

वॉच

आता मुख्य गोष्ट. शिकाऊंचे तीन गट करतात. प्रत्येक गटाला चार तास काम, आठ तास सुट्टी, मग पुन्हा चार तास. कामाच्या या पाळीला वॉच म्हणतात. आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ, दिवसाही आणि रात्रीही. बारा ते चारच्या गटात नाव आलं की मुलं हिरमुसतात. त्यांना सांगा, नशीबवान आहात.

वीस मिनिटं आधी कुणीतरी येऊन खांदा हलवतं आणि हळू आवाजात सांगतं: पाऊस आहे, गार आहे, दोन थर घाल. पाच मिनिटं आधी डेकवर हजर व्हायचं. तुम्ही आल्याशिवाय आधीचा माणूस जागा सोडू शकत नाही, म्हणजे तुमचा उशीर त्याच्या झोपेतून जातो. घरी कितीही समजावलं तरी न कळलेली वेळेची किंमत इथे एका रात्रीत कळते, कारण समोर ओलाचिंब, थरथरणारा, आपल्याच वयाचा मुलगा उभा असतो.

मग कामं फिरत राहतात. एक जण पुढे नाळेवर टेहळणीला. त्याला दिव्यांची भाषा यावी लागते: दुसऱ्या जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. एकच रंग दिसला तर ते आडवं जातंय, लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ते सरळ आपल्याकडे येतंय. दिसलं की लगेच ओरडून कळवायचं. खात्री करत बसायचं नाही. चुकीची खबर दिली म्हणून कुणी रागावत नाही.

एक जण सुकाणूवर. मोठं जहाज चाक फिरवल्याबरोबर वळत नाही. नवखं मूल वाट न बघता आणखी फिरवतं, मग जहाज एकदम जास्त वळतं, मग ते घाबरून उलटं फिरवतं. सकाळी मागे पाण्यावर सापासारखी रेघ दिसते. थोडं फिरवा, थांबा, होकायंत्राचा आकडा हलू लागला की आधीच परत आणा. गाडी शिकवताना जितका आरडाओरडा होतो तितका इथे होत नाही, मागे उभा असलेला खलाशी फक्त म्हणतो, थांब. थांबणं शिकायला भाच्याला चार रात्री लागल्या.

आणि एक जण आगीच्या फेरीवर. दर तासाला बॅटरी घेऊन सगळं जहाज पायाखाली घालायचं: इंजिनची खोली, गॅली म्हणजे स्वयंपाकघर, सामानाची कोठारं, झोपायच्या जागा. जळका वास, साचलेलं पाणी, सुटलेली वस्तू, काहीही दिसलं तर कळवायचं. भाचा सांगत होता की झोळ्यांच्या रांगांमधून वाकून जाताना त्याने बघितलं, दिवसभर त्याच्याशी एक शब्द न बोललेला दांडगा जर्मन मुलगा तोंड उघडं टाकून, एक हात बाहेर लोंबत, लहान पोरासारखा झोपला होता. “तेव्हा वाटलं, मावशी, आत्ता कुठे जळलं तर वास पहिल्यांदा मलाच येणार आहे. यांना नाही.” मग त्याने तो लोंबता हात उचलून झोळीत ठेवला आणि तीच फेरी गॅलीपासून पुन्हा केली, एकदा झालेली असूनही.

घरी याचा सराव करता येतो. जायच्या आधीच्या महिन्यात दोन शनिवारी मुलाला रात्री पावणेबाराला उठवा आणि चारपर्यंत एकटं गच्चीवर राहू द्या. मोबाइल नाही, गाणी नाहीत. दर तासाला खाली येऊन गॅसचा कॉक, पाण्याची टाकी, दाराची कडी बघायची आणि वहीत वेळ लिहायची. तुम्ही खरंच झोपा. चोरून बघत बसलात तर मुलाला कळतं आणि सगळं फुकट जातं.

डोलकाठीवर

चढणं ऐच्छिक असतं, कुणी ढकलत नाही. हार्नेस घालून, अनुभवी माणसाकडून पट्टे तपासून घेऊनच चढायचं. ज्या बाजूने वारा येतो त्याच बाजूने चढा, म्हणजे वारा तुम्हाला दोरांवर दाबून धरतो. हात नेहमी उभ्या ताणलेल्या जाड दोरांवर, पाय आडव्या दोरीच्या पायऱ्यांवर. आडवी दोरी तुटू शकते, म्हणून हाताने तिला कधी धरायचं नाही. वरच्या आडव्या दांड्यावर, कोकणात ज्याला परबाण म्हणतात, पाऊल टाकण्याआधी मोठ्याने सांगा. तुमच्या पावलाने पायाखालचा दोर वर-खाली होतो आणि तिथे आधीच उभा असलेला हेलकावतो. खिशातलं सगळं खाली ठेवा. जो चढला नाही तो मागे राहिला असं अजिबात समजू नका. खालून दोर नीट धरणाऱ्यावरच वरच्याचा भार असतो.

मुलींचं काय

आयांच्या फोनवर हा प्रश्न शेवटी आणि खालच्या आवाजात येतो. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या छोट्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून दोघीच गेल्या, डिलना के. आणि रूपा ए., आठ महिने. तेव्हा जमेल का, हा प्रश्न आता नाही. व्यवहाराच्या गोष्टी विचारा: मुलींची झोपायची जागा वेगळी आहे का, गटप्रमुखांत बाई आहेत का, तक्रार कुणाकडे करायची. चांगलं जहाज लेखी उत्तर देतं. मासिक पाळी आली तरी वॉच चालतो. पुरेसे पॅड आणि झाकण घट्ट लागणाऱ्या छोट्या पिशव्या द्या, जहाजाच्या संडासात कागदाशिवाय काही टाकलं तर तो तुंबतो आणि दुरुस्त करायला वॉचमधलंच कुणी तरी लागतं. दुखत असेल तर गटप्रमुखाला सरळ सांगायचं, लपवून वर चढायचं नाही.

परत आल्यावर

पहिला आठवडा झोप तुकड्यांत येईल. भाचा रात्री साडेतीनला उठून स्वयंपाकघरात जायचा, कॉकला हात लावून बघायचा आणि परत झोपायचा. ताईने विचारलं नाही, हे तिने फार चांगलं केलं. नातेवाईकांना बोलावून अनुभव सांगायला लावू नका. जहाजावरच्या गोष्टी भांडी पुसताना, स्कूटरवर मागे बसून, अशा अधूनमधून बाहेर येतात. पाळत ठेवून बदल मोजू नका. घरातलं एखादं खरं काम, आजोबांच्या औषधांचं किंवा विजेच्या बिलाचं, पूर्ण सोपवा आणि आठवण करून देऊ नका.

शेवटचं एक काम मात्र जहाजावर असतानाच करायचं आहे. किती मैल, किती दिवस, किती वॉच, याची नोंदवही स्वतः रोज लिहायची आणि त्यावर कप्तानाची सही आणि जहाजाचा शिक्का घ्यायचा. पुढच्या जहाजावर किंवा क्लबमध्ये हाच कागद विचारतात. ही सही बंदराला लागायच्या आदल्या दिवशी दुपारीच घ्या. बंदराच्या दिवशी पहाटेपासून पितळ घासणं, दोर गुंडाळणं, झेंडे चढवणं चालतं, आणि जहाज धक्क्याला लागलं की सगळे एकमेकांचे पत्ते लिहून घेण्यात अडकतात.